पाटीवरचा अंगठा
टर्पेंटाइनचा वास आला की मला भिवंडीतलं पाट्या रंगवणाऱ्या चाचांचं दुकान आठवतं. दारात हाताने रंगवलेले छोटे लाकडी ट्रक टांगलेले असायचे. गावी निघालेले लूम कामगार आठवण म्हणून ते घेऊन जात. आई जाऊन दोन महिने झाले होते, आणि काल्हेरच्या नव्या घराला पाटी हवी होती. "आधी तिचं नाव, खाली माझं," बाबांनी सांगितलं. चाचांनी निळ्या पाटीवर खडूने रेघा आखल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "आईच्या नावाआधी 'कै.' लिहा." गेलेल्या माणसाच्या नावाला ते लावायची रीतच आहे. पांढरं 'कै.' उमटलं तसे बाबा स्टुलावरून उठले आणि त्यांनी ओल्या रंगावरून अंगठा फिरवला. "दारावर ऱ्हाणाऱ्याचं नाव असतं," ते म्हणाले, "ती ऱ्हाणार हाय." चाचांनी फडका उचलला. "दाग साफ कर दूँ, भाईसाब?" बाबांनी मान हलवली, नको. तो पांढरा फराटा तसाच दारावर लागला. गेल्या महिन्यात बाबाही गेले. आज दार रंगवायला आलेल्या माणसाने फराटा पुसायला टर्पेंटाइनचा बोळा पाटीला लावला, आणि मी त्याचा हात धरला.