डाव्या पायावरचा फेर

लग्न होऊन हिंगोलीजवळच्या पुसेगावकडच्या तांड्यावर आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. स्वयंपाक बेताचाच यायचा आणि शेतातल्या कामातही माझा हात चपळ नव्हता. नाच मात्र यायचा. माहेरच्या तांड्यावर तीज असो की होळी, फेराच्या पुढं मीच असायचे. कमरेत वाकून दोन पावलं पुढं, टाळी, एक पाऊल मागं, गिरकी, आणि उठताना पुन्हा टाळी. पंचवीस बायांच्या फेरात एकीची टाळी चुकली तरी मला न बघता कळायचं. सासरी पहिल्याच तिजेला तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकाच्या बायकोनं हात धरून मला पुढं उभं केलं, आणि मग ती जागा माझीच झाली.

माझ्या नणंदेला नाच जमत नव्हता. उजवं-डावं तिच्या लक्षात राहायचं नाही. पण मी नाचायला लागले की ती कुठूनही येऊन माझ्या शेजारी उभी राहायची. "भोजाई, हळू घे ना, मला दिसत न्हाई पाय," असं म्हणायची. भोजाई म्हणजे वहिनी. घरात आम्ही आमची गोरमाटी बोलायचो. तिचं बोलणं मी इथं मराठीत आणलंय एवढंच.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. होळीला आठेक दिवस राहिले होते. डोंगरकडा गावाच्या बाजूला हळद काढायचं काम लागलं होतं आणि आम्ही तांड्यावरच्या सोळा-सतरा बायका-पोरी मुक्कामालाच गेलो होतो. काम संपलं त्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परत निघालो. उन्हं उतरली होती. हात हळदीनं पिवळे झाले होते, नखांत माती होती, पण घरी जायचं म्हणून सगळ्या खुशीत होत्या. कोणीतरी लेंगी, म्हणजे आमचं होळीचं गाणं, सुरू केलं. मी उठून उभी राहिले. चालत्या ट्रॉलीत तोल सांभाळत टाळी देणं मला मोठं कौतुकाचं वाटायचं. बघता बघता सात-आठ जणी उभ्या राहिल्या.

नणंद पुढच्या फळीजवळ भांड्याच्या पोत्यावर बसून होती. सोळा वर्षांची. तिचं डोकं दुखत होतं. मी म्हणाले, "उठ की, बसून काय टाळ्या वाजवून राहिलीस." ती म्हणाली, "राहू दे ना." मी तिचा हात धरला आणि ओढून उभी केली.

पुढं नाल्यावरचा अरुंद पूल होता. त्याला कठडा नव्हता. ट्रॉलीचं एक चाक कडेवरून घसरलं आणि ट्रॉली आडवी झाली. मला पडल्याचं आठवत नाही. माती तोंडात गेल्याचं आठवतं, आणि माझा डावा पाय ट्रॉलीच्या फळीखाली होता तो माझा वाटत नव्हता, हे आठवतं. ज्या बसून होत्या त्या खरचटण्यावर सुटल्या. उभ्यांपैकी तिघींना लागलं. नणंद ट्रॉलीखाली गेली. तिला बाहेर काढलं तेव्हा ती गेलेली होती.

हिंगोलीच्या दवाखान्यात पट्टी बांधून मला नांदेडला पाठवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, गुडघ्याची वाटी फुटली होती. रॉड टाकला, प्लास्टर घातलं. नणंदेची माती झाली तेव्हा मी खाटेवर होते.

घरी आणलं तेव्हा माझं सगळं सासूनं केलं. तिला मी याडी म्हणायचे, म्हणजे आई. लेक जाऊन महिना झाला नव्हता आणि ती सुनेच्या खाली भांडं धरत होती. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून मला कुशीवर वळवत होती, केस विंचरत होती. गावातल्या बाया भेटायला यायच्या, ट्रॅक्टरवाल्याला शिव्या द्यायच्या. याडीही म्हणायची, "त्यानं मारलं माझ्या लेकराला. दारू पिऊन चालवत होता." तो दारू प्यायला नव्हता. मी त्याच्या मागं तीन हातांवर उभी होते, मला माहीत होतं. मी गप्प राहिले. ज्या पोरींनी मला नणंदेचा हात ओढताना बघितलं असेल, त्याही गप्प राहिल्या.

प्लास्टर काढलं तेव्हा पाय काठीसारखा झाला होता आणि गुडघा वाकत नव्हता. डॉक्टर म्हणाले, रोज वाकवा. पण वाकवलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची, आणि खरं सांगायचं तर मला तो वाकावा असं फारसं वाटतही नव्हतं. त्या पायाला तेवढी शिक्षा बराबर आहे असं वाटायचं. मी लंगडत चालायला लागले. खुरपायला बसता येईना म्हणून घरचं काम माझ्याकडं आलं. पुढं तांड्यावर अंगणवाडी आली आणि मी तिथं मदतनीस म्हणून लागले. होळीला नि तिजेला मी दार लावून घरात बसायचे. टाळ्या ऐकू यायच्याच. कुठली टाळी चुकली हेही कळायचं.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मला दोन मुली झाल्या. मग एका पावसाळ्यात अंगणवाडीच्या पायरीवरून मी पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. चांगला पाय सगळं वजन पेलून थकला होता. हिंगोलीला दाखवायला गेले तर तिथं व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई बसायच्या. त्यांनी दोन्ही मांड्या टेपनं मोजल्या. डावी फारच बारीक भरली.

"हा पाय तुम्ही वापरतच नाही," त्या म्हणाल्या. "असंच राहिलं तर चाळिशीत काठी, पन्नाशीत खाट. आधी काय करायचात? शेतात?"

"शेतात. आन् नाचत व्हते."

"कसं नाचता? दाखवा."

मी टेबलाला धरून उभी राहिले आणि वाकायचं, दोन पावलं, टाळी, हे सांगितलं. करून दाखवलं नाही. त्या म्हणाल्या, "मग मी वेगळं काय शिकवू? एवढंच करा. रोज, थोडं थोडं. वाकणं गुडघ्यातून आलं पाहिजे, कमरेतून नाही."

मी पहिल्यांदा केलं ते अंगणवाडीत, लेकरं गेल्यावर, दार लोटून. खिडकीच्या गजाला धरून वाकले. गुडघ्यात कटकट वाजलं. दहा वेळा झाल्यावर घामानं चोळी भिजली. दुसऱ्या दिवशी पाय सुजला, तिसऱ्या दिवशी पुन्हा केलं. दोन महिन्यांनी गज सोडून एक पाऊल टाकता आलं. गिरकी डाव्या पायावर येत नव्हती. उजव्यावरून घेतली तर फेर उलटा होत होता. एकदा गिरकीत पडले आणि फरशीवर तशीच बसून राहिले. ट्रॉलीतलं सगळं आठवलं. नणंदेचा हात कसा गरम होता, बहुतेक ताप होता तिला.

एके दुपारी याडी मला बोलवायला आली आणि दारात उभी राहिली. मी टाळीवर होते. ती थोडा वेळ बघत राहिली.

"नाचून राहिलीस व्हय?" ती म्हणाली.

"पायासाठी. बाईनं सांगितलं."

"बरं हाय. पाय सुधारंल."

ती इतकं साधं बोलली की माझ्याच्यानं राहवलं नाही. मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. नणंद ट्रॉलीत बसून होती, तिचं डोकं दुखत होतं, मी ओढून उभी केली. ट्रॅक्टरवाला प्यायला नव्हता.

याडी उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "मी इचारलं व्हतं का तुला?"

"न्हाई."

"मंग आता काहून सांगितलंस? एवढी वर्सं मी त्याला शिव्या देऊन दिस काढले. आता कुनाला देऊ?"

ती उठून गेली. त्याच संध्याकाळी तिनं आपली गोधडी धाकट्या लेकाच्या घरी नेली. कोणाला कारण सांगितलं नाही. माझ्या नवऱ्यानं विचारलं तर मी सांगितलं. तो अंगणात जाऊन बैलापाशी उभा राहिला. त्यानं मला शब्दानं दुखवलं नाही, पण पुढं कितीतरी दिवस जेवताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. माझ्यावरचं ओझं तिच्यावर गेलं आणि माझ्यावरचं तेवढंच राहिलं. नाच सोडावा असं चार-पाच दिवस मनात होतं. सोडला, तर पाय पुन्हा ताठला. सकाळी खाटेवरून उतरताना मुलीचा खांदा धरावा लागला. तेव्हा पुन्हा दार लोटून सुरू केलं. त्यात हौस काही उरली नव्हती. पोरींवर आपला भार पडू नये, एवढंच होतं.

पुढच्या श्रावणात तिजेला मी नाईकाच्या अंगणात गेले. तीज कुमारिकांची, गहू पेरलेल्या दुरड्यांना पाणी त्याच घालतात, पण फेरात बाया उतरतात. मी सगळ्यात मागं उभी राहिले. एक फेरा झाला, मग अर्धा. गिरकीला मी नुसती थांबायचे आणि टाळीला पुन्हा मिसळायचे. माझ्यामुळं शेजारच्या दोघी चुकल्या. कोणी हसलं नाही. याडी आली नव्हती.

दिवाळीच्या आधी ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "शेळीला पाला टाकलास का?" मी टाकला म्हणाले. ती आत येऊन बसली, पाणी प्यायली. गोधडी मात्र तिनं परत आणली नाही. डोळे मिटेपर्यंत ती धाकट्याकडंच राहिली, आणि त्या दुपारचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. एका तिजेला ती नाईकाच्या ओट्यावर येऊन बसली होती. तिनं माझ्या पायांकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं नाही. दुसरा फेरा सुरू व्हायच्या आत उठून गेली.

गुडघा अर्ध्याहून थोडा जास्त वाकतो, तेवढाच. डाव्या पायावरची गिरकी मला पुन्हा कधी आली नाही. दरवर्षी तीन फेरे करते, मग आठ दिवस मिठाच्या पाण्यानं शेकते. काठी अजून लागलेली नाही.