एका गावचे करंजूरकर

ट्रंक निळ्या रंगाची होती आणि तिच्यावरचं नाव अप्पांनी स्वतः पांढऱ्या ऑइलपेंटने काढलं होतं : सुलोचना मारुती करंजूरकर. माझे वडील, अप्पा, गवंडी होते. भिंत ओळंब्यात बांधणारा माणूस, पण अक्षरं मात्र उतरणीला लागलेली. शेवटचा 'र' पार ट्रंकेच्या कडीला जाऊन टेकला होता. ती ट्रंक डोक्यावर घेऊन अप्पा सकाळी निघाले. मागे मी, माझ्यामागे भाकरीचं गाठोडं घेतलेली आई. मी गुलबर्ग्याला कॉलेजात चालले होते.

आमच्या वस्तीतली माणसं बस धरायची ती ओढ्याच्या पुलावर, हात करून. ड्रायव्हरच्या मनात आलं तर तो थांबे, नाहीतर धूळ उडवून जाई. गावातला खरा थांबा गढीच्या पायथ्याशी होता. तिथे आम्ही उभं राहायचं नाही, हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. त्या दिवशी अप्पा पुलाकडे वळलेच नाहीत.

"अवं, तिकडं कामून जायलाव?" आई मागून म्हणाली.

"ट्रंक जड हाय. पुलावर बस थांबली न्हाई तर पुन्हा घरी कोण आणायचं?"

थांब्यावर गढीतले आबासाहेब उभे होते. त्यांची गुलबर्ग्याला तुरीच्या डाळीची गिरणी होती, 'करंजूरकर दाल मिल', आणि जीप नादुरुस्त असली की ते बसने जात. कंडक्टरने ट्रंक टपावर चढवायला घेतली, नाव वाचलं आणि एकदम अदबीने म्हणाला, "आबासाहेब, पुढच्या बाजूला ठेवतो. कुणाला हात लावू देणार न्हाई."

"माझी न्हाई ती."

"मग? करंजूरकर लिवलंय की."

"माझ्या लेकीची हाय," अप्पा म्हणाले.

आबासाहेब हसले. चारचौघांना ऐकू जाईल असं हसले. "मारत्या, आमचं नाव लावलंस व्हय रे?"

"गावाचं लावलंय, आबासाहेब."

"आन् गाव कुणाचं?"

"ते तुमीच सांगा. गढी गावात हाय, का गाव गढीत?"

कंडक्टरने घाईघाईने घंटी वाजवली. खिडकीतून पाहिलं तर आई माझ्याकडे नाही, टपाकडे बघत होती. ट्रंक खाली फेकतील अशी तिला धास्ती. अप्पा खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "अभ्यास कर. आन् नाव पुसू नको. रंग महाग हाय."

सुजात, मैत्री, गेल्या आठवड्यात तुम्ही मेलबर्नच्या दुकानातून फोटो पाठवलात. तूरडाळीचं पाकीट आणि त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत आपलं आडनाव. खाली मैत्रीचा प्रश्न : "आजी, आपण श्रीमंत आहोत आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?" मग सुजातने इंटरनेटवर शोधलं. त्याला एक गाव सापडलं, एक दाल मिल, पुण्यातले एक वकील, लातूरचे एक दंतवैद्य आणि एक बंद पडलेली टाइपिंगची संस्था. सगळे करंजूरकर. "यातले आपले कोण?" असं त्याने विचारलं. व्हिडिओ कॉलवर मी सांगायला बसले की तुमच्याकडे झोपायची वेळ झालेली असते आणि तुम्ही जांभया लपवता. म्हणून लिहून पाठवते. तुमच्यासारखी बाहेर गेलेली आपली इतर मुलं आहेत, त्यांनाही वाचायला द्या.

आम्हाला आडनाव नव्हतं. निजामाच्या काळात माझे वडील 'मारुती वल्द लक्ष्मण', म्हणजे लक्ष्मणाचा मुलगा मारुती, एवढेच होते आणि त्यापुढे जात. कुठेही उभं केलं तरी तेवढ्यात सगळं कळायचं. मग हैदराबाद राज्य मोडलं, आमचा बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच सुमारास आमच्या वस्तीने दीक्षा घेतली. मेलेली जनावरं ओढायचं बंद झालं. घराघरांतून पोरांना शाळेत घालायची घाई सुरू झाली. गुरुजींनी माझं आडनाव विचारलं तेव्हा अप्पा क्षणभरही न थांबता 'करंजूरकर' म्हणाले. गुरुजींनी लेखणी थांबवली. ते नाव गढीतल्यांचं आहे, असं समजावून सांगितलं. अप्पांनी पुन्हा तेच सांगितलं. घरी आल्यावर आईने विचारलं, दुसरं एखादं नाव का नाही घेतलं? त्यावरचं अप्पांचं बोलणं मला पाठ आहे : "ह्या गावात माझ्या हातच्या भिंती हायेत. नाव तेवढं दुसऱ्याचं कामून?"

आणि गंमत बघा. ज्या नावासाठी गावात एवढी छाती लागली, ते गुलबर्ग्याच्या कॉलेजातल्या कारकुनाने मला न मागता दिलं. तो जुन्या म्हैसूरकडचा होता. तिकडे आडनावाची चाल नाही. गावाचं आद्याक्षर, वडिलांचं आद्याक्षर आणि मग आपलं नाव, झालं. त्याने गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं आणि मान वर न करता मला 'के. एम. सुलोचना' करून टाकलं. त्याच्या दृष्टीने गावाचं नाव माणसाला चिकटलेलंच असतं. त्यात मान नाही आणि उद्धटपणाही नाही. मला हे फार आवडलं. या दोन अक्षरांत आमची वस्ती ओढ्याच्या कुठल्या बाजूला आहे हे कुणालाच दिसत नव्हतं, हे मात्र माझ्या उशिरा लक्षात आलं.

मी बी. ए. झाले, इंग्रजी विषय घेऊन. कन्नड शिकले, आधी बाजारातलं आणि मग पुस्तकातलं. तुमच्या आजोबांशी लग्न झालं. ते हुमनाबादकडचे, पाटबंधारे खात्यात नोकरीला, नेमणूक यादगीरला. घरी फक्त रविवारी. सरकारी कामकाज कन्नडमध्ये होऊ लागलं तशी आमच्या सीमेवरच्या मुलांची पंचाईत झाली. मराठी किंवा उर्दू शाळेतून शिकलेली, पदवी घेतलेली मुलं कन्नड टाइपिंगपाशी अडायची. मी कन्नड आणि इंग्रजी, दोन्ही परीक्षा पास झाले होते. म्हणून गुलबर्ग्यातच दोन खोल्या भाड्याने घेतल्या, जुनी यंत्रं आणली आणि पाटी लावली : 'करंजूरकर टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट'. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही लिप्यांत. औराद, कमलनगर, मन्नाएखेळ्ळीकडून मुलं येऊ लागली. सकाळपासून तो खडखडाट सुरू झाला की शेजारणीला नवऱ्याशी ओरडून बोलावं लागे.

घरमालक जुन्या म्हैसूरकडच्या हासनचे निवृत्त हेडमास्तर होते. सगळा रस्ता त्यांना 'मेष्ट्रू', म्हणजे मास्तर, म्हणे. मी इंग्रजी नीट बोलते याचं त्यांना कौतुक होतं. रोज अकराच्या सुमाराला त्यांच्या घरून माझ्यासाठी स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी यायची. ती कॉफी मला तेव्हा फार मोठी गोष्ट वाटे.

पाटी लागली आणि दाल मिलचा मुनीम आला. गोड बोलला. नवी पाटी मालक करून देतील, नाव दुसरं कोणतंही ठेवा, म्हणाला. मी चहा विचारला, त्याने घेतला नाही. मग गावाकडून बातमी आली की अप्पांना करंजुरात कुणी काम देईना. त्यांनी घातलेल्या एका पायावर दुसऱ्याच गवंड्याने भिंत चढवली. मी घाबरले. पाटी उतरवावी का, असं विचारायला मी गावी जाणार होते, तेवढ्यात बसने आलेल्या एका शेजाऱ्याबरोबर अप्पांचा निरोप आला : "मी उदगीरला काम धरलंय. पाटी उतरवलीस तर मला तोंड दावू नको."

शेवटी आबासाहेब स्वतः आले. माझ्याकडे नाही, मेष्ट्रूंकडे. मेष्ट्रूंनी मला व्हरांड्यात बोलावलं. आबासाहेब वेताच्या खुर्चीवर बसले होते, मी उभी. बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं. आबासाहेबांचं कन्नड चांगलं होतं.

"यांचं म्हणणं आहे की पाटी काढायला सांगा, नाहीतर जागा रिकामी करून घ्या," मेष्ट्रू मला म्हणाले आणि त्यांच्याकडे वळले. "कारण सांगा."

"ते आमच्या घराण्याचं नाव आहे."

"तुमचं गाव कोणतं?"

"करंजूर."

"हिचं?"

"करंजूरच."

"मग?" मेष्ट्रूंना खरंच कळत नव्हतं. "माझ्या नावातला एच हासनचा. आमच्या हासनच्या न्हाव्याच्या नावातही तोच एच आहे. ऊरु एल्लरद्दू." म्हणजे, गाव सगळ्यांचं.

"इकडची पद्धत निराळी आहे. लोकांचा गैरसमज होतो."

"कसला?"

"ही माणसं आमच्यातली आहेत, असा."

"त्यात तुमचं नुकसान काय?"

आबासाहेब आपल्या वहाणांकडे बघू लागले. हा माणूस करंजुरात आमच्या जातीचा तो शब्द रस्त्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा उच्चारत असे. इथे, शिकलेल्या माणसाच्या व्हरांड्यात, त्याला तो तोंडातून काढता येईना.

मी गप्प बसले असते तरी निभावलं असतं. मेष्ट्रूंना कळत नव्हतं, तेच मला पुरेसं होतं. पण मग तो विजय के. एम. सुलोचनाचा झाला असता, आणि अप्पांनी ट्रंकेवर ती दोन अक्षरं रंगवली नव्हती. मी आपल्या बोलीत म्हणाले, "सांगा की आबासाहेब. कामून लाजायलाव? गावात तर मोठ्यानं बोलताव."



मग मी मेष्ट्रूंना इंग्रजीत सांगितलं, वर्गात सांगते तसं, सावकाश. आमची वस्ती ओढ्यापलीकडे आहे. आम्ही आता बौद्ध आहोत. आधी आम्हाला जे म्हणत, ते या गृहस्थांना तुमच्यासमोर बोलवत नाही आहे. कारण तेवढंच आहे. आता तुम्ही ठरवा.

माझा रिकामा पेला कठड्यावर होता. मेष्ट्रूंची नजर त्या पेल्यावर गेली आणि तिथेच राहिली. मी मनात यंत्रं कुठे हलवायची याचा विचारही सुरू केला. मग ते आबासाहेबांना म्हणाले, "पाटी तिच्या खोलीवर आहे, माझ्या घरावर नाही. भाडं वेळेवर येतं. तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

आबासाहेब उठले. माझ्याजवळून जाताना पुटपुटले, "मारत्याची पोर शोभतीस."

"करंजूरची," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॉफी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढे कितीतरी वर्षं मी त्याच जागेत होते. मेष्ट्रूंनी जागा सोडायला कधी सांगितलं नाही आणि कॉफीही पुन्हा पाठवली नाही. दोन्ही खरं आहे. एकासाठी दुसरं विसरायचं नाही, हे मी तुमच्या बाबालाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगते. मी रॉकेलचा स्टोव्ह विकत आणला. अकरा वाजले की यंत्रं बंद आणि चहा. विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने करायचा, सगळ्यांनी एकाच किटलीतला घ्यायचा. लिंगायत, मराठा, मुसलमान, आमची, सगळी मुलं असत. चहा न घेणाऱ्याला शिकवणी नाही, असा माझा नियम होता. काही मुलं सोडून गेली. बरीच राहिली. त्यांचा चहा वाईट असायचा. टाइपिंग बरं असायचं.

तुमच्या बाबाला शाळेत घालताना आजोबा म्हणाले, "माझ्याकडं तर नुसती आद्याक्षरंच हायेत. तुझंच लाव." म्हणून तुमचं आडनाव आजीकडून आलेलं आहे. कुणी भुवया उंचावल्या तर उंचावू द्या.

संस्था कॉम्प्युटर येईपर्यंत चालली. दाल मिल आता गढीतल्यांची राहिलेली नाही. बाहेरच्या कुणीतरी घेतली, नाव तेवढं ठेवलं, कारण ते नाव बाजारात खपतं. म्हणजे तुमच्या हातातल्या पाकिटावर 'करंजूरकर' आहे आणि आत करंजूरचं कुणीच नाही. वकील आणि दंतवैद्य कोण आहेत, ते मला माहीत नाही. गढीतले असतील, वस्तीतले असतील. नावावरून सांगता येत नाही. अप्पांना हेच तर हवं होतं.

करंजूरला मी अधूनमधून जाते. आमचं घर पडलं, जागा आहे. थांब्यावर आता शेड झाली आहे आणि तिथे कुणीही उभं असतं, मोबाइल बघत. मला कुठे जायचं नसतं तरी मी थोडा वेळ तिथे उभी राहते. तुम्ही विचाराल की घर म्हणजे काय, तर माझ्यापुरतं ते एवढंच : जिथे उभं राहायला आपण कुणाला विचारत नाही, ती जागा. ती मेलबर्नलाही असू शकते. फक्त तिथेही कुणी आपल्याला पुलावर थांबायला लावत नाही ना, हे बघत जा.

पाकीट घेतलंच असेल तर डाळ शिजवा; जुनी असते, आधी भिजत घाला. आणि सुजात, 'यातले आपले कोण?' हा तुझा प्रश्न राहिला. अप्पा म्हातारपणी गुलबर्ग्याला आले होते. संस्थेच्या दाराशी, पाटीखाली स्टुलावर बसून असायचे. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, पाटी वाचली आणि अदबीने विचारलं, "तुम्ही दाल मिलवाल्या करंजूरकरांपैकी का?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "ते आमच्यापैकी."