उस्मानाबाद पुसून लातूर

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी अहमदपूरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. त्यात दुष्काळ. शाळेच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव वाचून पाण्याचा टँकर दोनदा परत गेला, म्हणून पेंटर बोलावला. ब्रश कानावर, गालात सुपारी. नाव मी विचारलंच नाही. उस्मानाबाद पुसून त्यानं लातूर लिहिलं, तर निम्मी जागा उरली.

"राहू द्या मोकळी," मी म्हटलं.

"डायवरला नुसता जिल्हा पुरत न्हाई, बाई," म्हणत त्यानं तिथं लिहिलं, 'टँकर इथं थांबतो.'

दुसऱ्या दिवशी टँकर थांबला.

पुढं तपासणीला आलेले साहेब पाटीसमोर कडाडले, "हे कुणाच्या परवानगीनं?"

मी आधी तांब्याभर पाणी दिलं. पिऊन ते एवढंच म्हणाले, "अक्षर बरं आहे."