विज्ञानाच्या तासाला ओवी

जत तालुक्यात, कर्नाटकाला चिकटून असलेल्या एका गावात अर्जुना धनगराची मुलगी रेश्मा हायस्कुलात विज्ञान शिकवायची. त्या गावात लोक बाजारात मराठीत घासाघीस करतात आणि भांडण तापलं की कानडीत शिरतात. अशा ठिकाणी मेंढरांमागे वाढलेली पोर बीएस्सी होते आणि दहावीच्या मुलांना गुणसूत्रं समजावते, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. अर्जुनाला त्या गुणसूत्रांशी देणंघेणं नव्हतं. मुलगी शाळेत खुर्चीवर बसते, एवढं त्याला पुरे होतं.

ती खुर्ची मात्र त्याने कधी पाहिली नव्हती. रेश्मा ह्याच शाळेत पाचवीत असताना तिची विसरलेली भाकरी द्यायला तो वर्गाच्या दारापर्यंत गेला, तेव्हा एका मास्तरांनी नाकाला रुमाल लावून म्हटलं होतं, "मेंढरांचा वास घेऊन आत येऊ नका." पोरं खदखदून हसली. रेश्मा मान खाली घालून बसली. त्या दिवसापासून अर्जुना शाळेच्या फाटकाच्या आत गेला नाही. ती तालुक्यात पहिली आली, तिचा सत्कार झाला, तेव्हाही हा गडी बाहेर लिंबाखाली उभा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "आमचं काय काम हाय आत?" मनातलं बोलून दाखवायची त्याला सवयच नव्हती.

त्याचा मान होता बिरोबाच्या देवळासमोर. ढोल घुमायला लागला, खांद्यावर घोंगडी आली की अर्जुनाची ओवी सुरू व्हायची. पहिली मेंढरं वारुळातून कशी बाहेर पडली, पहिला धनगर ती बघून कसा भ्याला, मग बिरोबाचं नाव घेऊन त्याने ती कशी हाकारली, हे तो असं गायचा की म्हातारी माणसं पदराने, पटक्याने डोळे पुसायची. रेश्माला ती ओवी तोंडपाठ होती.

शाळेचे अध्यक्ष हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले. माणूस सरळ, पण डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती काढायला पलटणच बोलवावी लागे. त्या वर्षी शाळा उघडता उघडता त्यांनी मोबाईलवर वाचलं, की अमेरिकेत काही राज्यांनी कायदे केलेत आणि त्यांच्या आधाराने, देवानेच सगळे जीव घडवले हा विचार विज्ञानाच्या वर्गात आणता येतो. झालं. संस्थेच्या बैठकीत ठराव झाला. दहावीला उत्क्रांतीचा धडा शिकवताना आपल्याकडच्या उत्पत्तीच्या कथाही त्याच तासाला, तेवढ्याच मानाने सांगायच्या.

"अमेरिका देवाला वर्गात घेती आन् आमचा बिरोबा उन्हात उभा व्हय?" हंबीरराव म्हणाले. "पहिला मान अर्जुनाचा. फेटा बांधू, खुर्चीत बसवू. मेंढरं कुठनं आली ते त्याच्या तोंडनं ऐकू देत पोरं."

रेश्मा घरी पोचायच्या आत बातमी वस्तीवर पोचली होती. अर्जुनाने घोंगडी धुऊन खडकावर वाळत घातली होती.

"आत वर्गात न्हवं?" त्याने विचारलं. "पोरं बाकावर बसत्यात, तितं?"

"व्हय, आप्पा."

"मग तू बी असशील."

रेश्माला भडभडून आलं. आप्पांनी त्या दारातून ताठ मानेने आत यावं, हे तिला लहानपणापासून हवं होतं. पण त्याच तासाला तिला मुलांना सांगायचं होतं, की जीव कोट्यवधी वर्षांत हळूहळू बदलत आले, आणि हे नुसतं सांगायचं नव्हतं, दगडात सापडलेल्या हाडांवरून ते ओळखायचं कसं हे दाखवायचं होतं. शेजारी तेवढ्याच मानाने ओवी बसली, तर मुलं म्हणणार, ज्याला जे रुचेल ते खरं. ह्या गावात साप चावला की आधी मांत्रिक, मग दवाखाना. मागल्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी तशीच गेली होती. रेश्मा त्या मुलीचा रिकामा बाक वर्षभर बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती हंबीररावांकडे गेली. "आबा, आप्पांना जरूर बोलवा. स्नेहसंमेलनात बोलवा, मराठीच्या तासाला बोलवा, मी स्वतः फेटा बांधते. फक्त विज्ञानाच्या तासाला नको."

"म्हंजे बापाचं गाणं खोटं?"

"गाणं गाणं आहे, आबा. ते विज्ञान नाही."

"शिकलीस आन् बापाची लाज वाटाय लागली," हंबीरराव म्हणाले. हे मात्र तिच्या काळजाला लागलं. त्यांनी वर हेही सांगितलं, की ठराव बदलायचा नाही. अर्जुनाला यायचं नसेल तर गाणारे पुष्कळ आहेत.

आता अर्जुनाला सांगणं तिच्यावर आलं. तो माळावर मेंढरं चारत होता. ती शेजारी जाऊन बसली आणि जमेल तेवढं सोपं करून बोलली.

"आप्पा, कळपात नवा मेंढा घेताना तुमी त्याची आई बघता, पाय बघता. दुष्काळात कोण तगलं ते बघता. तवा ओवी इचारता व्हय?"

"न्हाई. ओवी देवाम्होरं."

"मी पोरास्नी मेंढा बघायला शिकवती. ओवी तितं आली तर त्यांचा घोटाळा हुईल."

अर्जुना बराच वेळ काठीने माती उकरत राहिला. "तू शिकलीयंस. तुला कळतं," म्हणाला आणि मेंढरं वळवायला उठला. रेश्माला वाटलं, आप्पांना पटलं. शिकवणाऱ्या माणसांची ही एक खोडच असते, समोरचा गप्प बसला की त्याला समजलं असं ते धरून चालतात.

ठरल्या दिवशी अर्जुनाच्या जागी शेजारच्या वस्तीवरचा सयाजी आला. भगवा फेटा, खुर्ची, हार, फोटो, सगळं झालं. सयाजी मन लावून गायला. हंबीररावांनी डोळे मिटून ताल धरला. टाळ्या थांबल्यावर रेश्मा फळ्यापाशी गेली.

"ओवी सुंदर होती," ती मुलांना म्हणाली. "मी तीच ऐकत मोठी झाले. ती माझ्या बापाची आहे, आजाची आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. पण मेंढरं वारुळातून आली नाहीत. कुठून आली, ते आता बघू. पुस्तकं उघडा."

हंबीरराव उठून गेले. आठवड्याभरात दहावीचं विज्ञान तिच्याकडून काढलं आणि तिला पाचवीची चित्रकला दिली. पाचवीच्या मुलांना ती झाडं काढायला शिकवू लागली. ह्याचं तिला दुःख झालं, पण आश्चर्य वाटलं नाही. पुन्हा तशी वेळ आली असती, तर ती पुन्हा तेच बोलली असती.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अर्जुना कोकरांना पाणी पाजत होता. फेट्यातल्या सयाजीचा फोटो तोवर गावभर मोबाईलवर फिरला होता. त्यानेही तो कुणाच्या तरी हातात पाहिलाच असणार.

"कसा गायला सयाजी?" त्याने मान वर न करता विचारलं.

"तुमच्यावानी न्हाई, आप्पा."

"आन् त्येचं झाल्यावर? तू काय सांगितलंस पोरास्नी?"

रेश्माने खरं ते सांगितलं. मेंढरं वारुळातून आली नाहीत असं आपण भर वर्गात बोललो, हेही सांगितलं. आता आप्पा दुखावतील, चिडतील, म्हणून ती थांबली. अर्जुनाने फक्त मान हलवली.

"मग मला येऊ द्यायचं व्हतंस की," तो म्हणाला. "मी गायलो असतो, मग तू सांगितलं असतंस, ते खोटं हाय म्हणून. मी बसून ऐकलं असतं. तुला शिकवताना मी कवा बघितलंच न्हाई."