हणमंता आणि माझं अधू काळीज

हणमंता गेल्याची बातमी कडेगावहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरनं आणली. मी कोरेगावच्या शाळेत मुलांना नकाशा भरायला देऊन खिडकीशी उभा होतो. ड्रायव्हर फाटकातूनच म्हणाला, ‘मास्तर, तुमचं दोस्त गेलं. इषमजर हुता म्हणं, आठवडाभर.’ आठवडाभर तो तापानं फणफणत होता आणि मला निरोप नव्हता, याचाच तेव्हा राग आला. खरा राग पुढे यायचा होता, हे कुठं ठाऊक होतं...

आमची ओळख साताऱ्याच्या बोर्डिंगातली. तो कडेगावच्या ऊसवाल्या शेतकऱ्याचा, मी कोरेगावच्या शिंप्याचा. पहिल्याच वर्षी अभ्यास सोडून आम्ही यवतेश्वराच्या डोंगरावर वाट चुकलो आणि दोस्ती जमली. पुढे दरवर्षी सुगी आटोपली की निघायचं, हा नेम. सायकलींवरून विजापूरला गेलो तेव्हा जतच्या माळावर पाणी संपलं. एका धनगरानं मेंढीचं दूध पाजलं आणि वर ‘घरी भांडून आलाय का रं?’ असं विचारलं. एकदा तर गूळ शिजवायची लोखंडी काहील माहुलीच्या संगमावर कृष्णेत लोटली आणि दोन बांबूंनी वल्हवत, गरगर फिरत, तिसऱ्या दिवशी कऱ्हाड गाठलं. काहील दोनदा उलटली. दोन्ही वेळा मी पोहत जाऊन ती धरली, कारण पाण्यात मी त्याच्यापेक्षा तरबेज होतो. कऱ्हाडच्या घाटावर ओल्या कपड्यांनी बसून त्यानं माझा हात हातात घेतला होता. म्हणाला, ‘शंकऱ्या, कुठं बी जायचं ते दोघांनीच. एकट्यानं न्हाई.’

लढाई सुरू झाली आणि साताऱ्याला भरती लागली. दर्या बघायचा, इजिप्त बघायचं, म्हणून आम्ही दोघं रांगेत उभे राहिलो. धावण्यात, उंचीत मी पास झालो होतो. डॉक्टरांनी त्याला आधी आत घेतलं, मग मला. माझ्या छातीला नळी लावून ते बराच वेळ ऐकत बसले, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि मान हलवली. कारण सांगितलं नाही. बाहेर आल्यावर हणमंता म्हणाला, ‘काळजाचं काय तरी असंल.’ ते मी खरं मानलं.

तो लढाईवर गेला. मी मास्तर झालो. कृष्णेत उडी मारणं सोडलं. जिना चढताना मधे थांबू लागलो. छातीत जरा धडधडलं की वाटायचं, हे शेवटचं. इकडे त्याची पत्रं यायची, वाळूच्या वादळाची, इटलीतल्या बर्फाची. ती मी वर्गात मुलांना वाचून दाखवायचो आणि घरी येऊन नकाशात ती गावं शोधायचो.

लढाई संपल्यावर तो परतला आणि आमचा नेम पुन्हा सुरू झाला. वासोट्याच्या जंगलात माझं ओझं त्यानं स्वतःच्या पाठीवर घेतलं. ‘तू सावकाश ये रं,’ म्हणायचा. मी माझ्या बायकोला अभिमानानं सांगायचो, सख्खा भाऊ असं करणार नाही. एकदा पुण्याच्या डॉक्टरला छाती दाखवावी असं मी म्हणालो, तर तो चिडला. ‘कशाला जिवाला घोर लावून घ्यायचा? चाललंय की ब्येस.’ मलाही भीतीच होती. मी गेलो नाही.

दहाव्याला कडेगावला गेलो. घाटावर एक म्हातारे हवालदार शेजारी येऊन बसले. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, ‘तुमीच न्हवं ते फेफऱ्याचं मास्तर?’

‘कसलं फेफरं?’

‘आवं, भरतीच्या दिवशी कागदं घिऊन मी डाक्टरसायबाजवळ हुतो. हणमंतानं सांगितलं, माझ्या दोस्ताला फेफरं येतंय, लाजंनं लपवतोय. म्हून तर तुमास्नी काढलं. आता बरं हाय न्हवं?’

मला आयुष्यात एकदाही फेफरं आलेलं नाही.

मी तसाच हणमंताच्या घरी गेलो आणि वहिनींना विचारलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, ‘भावजी, म्या एकदा ईचारलं हुतं. तर म्हणलं, दोघं बी गेलो असतो आन् दोघं बी मेलो असतो. मागं कुणी तरी पायजे हुतं, ज्येला पत्र लिवायचं, ज्येच्याकडं परत यायचं. त्यास्नी सांगायचं हुतं तुमाला. पर तुमी जिन्यात थांबाय लागला, आन् मग त्येंची जीभच उचलंना.’

वाचवलं, असं म्हणणारे म्हणतील. त्या रांगेतले किती जण परत आले नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण एका खोट्यापायी मी इतकी वर्षं स्वतःच्याच छातीला भिऊन जगलो आणि तो ते समोर बसून पाहत राहिला. माझं ओझं उचलताना त्याला काय वाटत असेल? माया की अपराधाची बोच? विचारायला तो नाही. आणि ज्यानं नेहमी मला आधी सगळं सांगितलं, त्यानं हे एवढं एकच बायकोला सांगितलं, याचंही दुःख आहेच...

गेल्या रविवारी साताऱ्याला जाऊन अजिंक्यतारा चढलो. एकटा, कुठंही न थांबता. घाम आला, दम लागला, काळीज घोड्यासारखं दौडलं आणि पाच मिनिटांत शांत झालं. मंगळाई देवीच्या देवळापुढं एक सपाट दगड आहे. बोर्डिंगात असल्यापासून आम्ही त्यावर टेकायचो. तिथं बसून त्याला मनसोक्त शिव्या द्यायच्या, असं ठरवूनच मी वर आलो होतो. दिल्याही दोन-चार. मग ध्यानात आलं, की उरलेली जागा मोकळी सोडून मी दगडाच्या एका कडेला बसलो आहे.