तंबोऱ्याच्या दांडीला टेकलेला गाल

गायनाच्या वर्गात पहिले सहा महिने गाणे नव्हते. व्याख्या वहीत उतरवायच्या, पाठ म्हणून दाखवायच्या आणि तंबोरा जुळवायचा, एवढेच. वर्ग कोल्हापुरात मंगळवार पेठेत, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत संध्याकाळी भरे. मी तेव्हा दिवसा छापखान्यात मुद्रिते तपासत असे. माझ्याबरोबर मुलींच्या शाळेतल्या एक शिक्षिका आणि कोर्टातले एक कारकून होते. गुरुजी पन्नाशीचे होते. त्यांचे घर या वर्गावरच चाले. तबल्याला बसणारे गृहस्थ दिवसा वाद्यांच्या दुकानात तबल्यांवर कातडे चढवत. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू.

त्या वर्षी खोली देणाऱ्या मंडळींनी ठरवले होते की बाहेरगावचे परीक्षक येतील आणि त्यांचे मत चांगले पडले तरच वर्ग पुढे चालेल. हे गुरुजींनी आम्हाला एकदाच सांगितले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

पहिली व्याख्या षड्जाची, म्हणजे ‘सा’ची होती. "सा कुठंही धरा," गुरुजी म्हणत. "पण एकदा धरला की हलवायचा नाही. बाकीच्यांची घरं त्याच्यावरून मोजायची." षड्ज आणि पंचम हे दोन स्वर अचल, जागेवरून न हलणारे. रे, ग, ध, नी आपल्या जागेवरून खाली उतरले की कोमल होतात. मध्यम तेवढा वर चढतो, तो तीव्र. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र, एकूण बारा.

तंबोऱ्याची पहिली तार पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. मधल्या दोन तारा नेमक्या जुळल्या की त्या दोन आहेत हे कानाला कळत नाही. गुरुजी डोळे मिटत, उजवा गाल तंबोऱ्याच्या दांडीला घट्ट टेकवत आणि खुंटी पिळत. ती त्यांच्या गुरूंची रीत असणार असे आम्ही धरून चाललो आणि आम्हीही गाल टेकवू लागलो. कारकुनांच्या गालावर लाकडाचा वळ उमटे.

"साहेब, घरात काय सांगता?" चाचांनी एकदा विचारले. "तंबोऱ्यानं मारलं म्हणून?"

गुरुजी हसले नाहीत. ते आमच्या तोंडाकडे पाहत होते.

पावसाळा संपल्यावर ताल सुरू झाला. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिली मात्रा ती सम. गाणारा आणि वाजवणारा तिथे एकत्र येतात. नववी मात्रा खाली; तिथे टाळी द्यायची नाही, हात नुसता हवेत उघडायचा. सम चुकली की गुरुजी म्हणत, "जयसिंगपूरचं तिकीट काढलं आणि मुरगूडला उतरलात!" हे बोलताना त्यांची नजर चाचांच्या हातांवर असे. आम्ही ती एकाग्रता समजत होतो.

एका संध्याकाळी चाचांनी ठेका चालू असतानाच बोटे कातड्याच्या वर धरली. हात तसेच चालले, नाद बंद झाला. खोलीत खालच्या शिवणयंत्राचा आवाज तेवढा येत होता. सोळा मात्रा गेल्या. समेवर चाचांचा हात खाली आला, टेकला नाही. गुरुजींनी मान डोलावली आणि म्हणाले, "वा!"

शिक्षिकाबाईंच्या हातातली वही खाली पडली. त्या आवाजानेही गुरुजींनी वळून पाहिले नाही.

जिन्यात चाचांनी मला गाठले. "पावणं, बघितलं न्हवं? मला दिवाळीपास्नं संशय होता. मास्तरांना ऐकू येत न्हाय."

"तंबोरा तर जुळवतात."

"गालानं जुळवत्यात. लाकूड थरथरतंय, त्यावरनं." ते थोडे थांबले. "परीक्षा होऊ द्या. तवर कुणी तोंड उघडायचं न्हाय."

आम्ही ते पाळले. बोलताना समोर बसू लागलो, ओठ सावकाश हलवू लागलो. चाचा हात गरजेपेक्षा उंच उचलू लागले. गुरुजी येण्याआधी तंबोरा मी जुळवून ठेवी. आम्हाला कळले आहे हे त्यांना कळले होते का, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. वैद्याकडे जा, असेही कोणी म्हणाले नाही.

परीक्षक सकाळी आले. खिडकीजवळ उजेड म्हणून ते तिथे बसले आणि मला त्यांनी आपल्याकडे तोंड करून बसवले. गुरुजी माझ्या पाठीमागे राहिले; तिथून त्यांना माझे ओठ दिसत नव्हते. ही बसण्याची व्यवस्था आमच्यापैकी कोणाच्याच हिशेबात नव्हती.

"अचल स्वर कोणते?" परीक्षकांनी विचारले.

पहिल्या महिन्यात पाठ केलेले उत्तर. माझे लक्ष पाठीमागे होते आणि पंचमाच्या जागी मध्यम तोंडातून गेला. मी म्हणालो, "षड्ज आणि मध्यम."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या खांद्यावरून ते पलीकडे पाहत राहिले. मीही वळलो. गुरुजी हसतमुखाने मान डोलावत होते, समेवर डोलावत तशीच.

"गुरुजी, बरोबर आहे का हे?" परीक्षकांनी तोंडासमोर कागद धरून विचारले.

गुरुजींनी पुन्हा मान डोलावली. चाचांनी दोन्ही हात तबल्यावरून उचलून मांडीवर ठेवले. गुरुजींनी ते हात पाहिले, मग एकेक करून आमची तोंडे पाहिली, आणि त्यांची मान थांबली.

परीक्षकांनी कागद खाली घेतला आणि लिहायला सुरुवात केली.