गिरणीवाल्याच्या लेकीची आठवी

कर्नाटकातल्या बीदर भागात, खटकचिंचोळीपासून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान गावात मी बरीच वर्षं मराठी शाळेत शिकवत होते. शाळा सातवीपर्यंत. आठवीला पोरांना बसनं मोठ्या गावच्या हायस्कूलला जावं लागायचं आणि तिथं सगळं शिकणं कन्नडमधून. आमच्या पोरांना कन्नड येत नव्हती असं नाही. बाजारात, शेतात, लग्नाच्या पंगतीत ती मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून दखनी उर्दूत इतक्या सहज जायची, की आता कुठली भाषा बोललास असं विचारलं तर त्यांना थांबून आठवावं लागे. पण भाव करायची कन्नड वेगळी आणि विज्ञानाच्या पुस्तकातली वेगळी. सातवीपर्यंत 'त्रिकोण' काढणाऱ्या पोराला आठवीत 'त्रिभुज' ऐकू आला, की हे काहीतरी नवीनच आहे आणि आपल्याला ते येत नाही, असं त्याला वाटायचं. मग ते मागच्या बाकावर जायचं, आणि तिथून हळूहळू घरी.

म्हणून दरवर्षी उन्हं तापायला लागली, की मी सातवीच्या आईबापांना शाळेत बोलवायचे. ते भीत भीत विचारायचे. बस चुकली तर पोरगी कुठं थांबंल? तिकडं पोरींना संडास हाय का? सर मारतेत का? मी आधीच एकदा तिकडे जाऊन सगळं बघून आलेली असायचे, त्यामुळे उत्तरं द्यायला सोपं जाई. हायस्कूलच्या थांब्याजवळच्या किराणा दुकानातल्या अक्काशी माझी ओळख होती. बस चुकलेल्या पोरी तिच्या दुकानात बसतील, हे मी तिच्याशी ठरवून टाकलं होतं. असल्या छोट्या गोष्टींनीच आया निम्म्या तयार व्हायच्या.

त्या वर्षी सातवीत गिरणीवाल्याची मुलगी होती. अभ्यासात चांगली. गणित फळ्यावर पूर्ण लिहून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं, पण ती हात वर करायची नाही. मी नजर टाकली तर हळूच सांगायची. ती दुसरीत असताना तिची आई गेली होती. घरात ती आणि वडील, दोघंच. वडिलांची पिठाची गिरणी शाळेच्या पलीकडेच होती आणि त्या गिरणीच्या आवाजानं वर्षानुवर्षांत त्यांचे कान गेले होते. अगदी शेजारी भांडं पडलं तरी त्यांना कळत नसे. बोलायचे मात्र चांगलं, फक्त मोठ्यानं. गिरणी बंद असली तरी ती चालू असल्यासारखे बोलायचे.

बापलेकीनं आपसांत हातांची एक भाषा तयार केली होती. ती कुणी त्यांना शिकवली नव्हती. गरजेपुरत्या खुणा जमत गेल्या, आणि मग गरजेपेक्षा कितीतरी जास्त. गिरणीत कुणी बाई डबा घेऊन आली, की मुलगी तिचं ऐकायची आणि बापाला हातानं सांगायची. गिरणीला लागणारी थ्री-फेज लाईट सकाळी लवकर आणि संध्याकाळी यायची, त्यामुळे शाळेच्या आधी आणि शाळेनंतर ती गिरणीतच असायची. केसांवर पीठ घेऊनच वर्गात यायची.

पालकांच्या बैठकीचा निरोप मी पोरांबरोबरच धाडला होता. सगळे आले, गिरणीवाले आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं.

"अप्पाला टाईम न्हाई, बाई," ती म्हणाली.

"बरं, मग मीच येते."

तिचा चेहरा थोडा उतरला. 

संध्याकाळी मी गिरणीत गेले. पट्टा फिरत होता, हवेत पिठाचा धूर, काही ऐकू येत नव्हतं. मला बघून गिरणीवाल्यांनी कपाळाला हात नेऊन नमस्कार केला आणि पोतं झटकून बसायला दिलं. मी मुलीच्या कानाशी वाकून म्हणाले, "अप्पांना विचार, तुला हायस्कूलला पाठवणार ना? बाई त्यासाठी आल्यात म्हणून सांग."

तिनं बापाकडे तोंड केलं आणि हात हलवले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गिरणीकडे, मग मान हलवली. मोठ्यानं म्हणाले, "न्हाई बाई, कसं जमंल? एकट्याला न्हाई जमत. हीच माझे कान हाय बगा."

मी आणखी दोन-तीन गोष्टी सांगायला सांगितल्या. बस दारावरून जाते, सोबत आणखी मुली आहेत, पुस्तकं मिळतात. तिचे हात हलत राहिले आणि ते नकारार्थी मान हलवत राहिले. निघताना त्यांनी मला वाटीभर ताजं बेसन बांधून दिलं. इतका प्रेमळ माणूस आणि लेकीच्या शिक्षणाला असं सरळ नाही म्हणतो, याचं वाईट वाटत मी घरी आले.

परीक्षा झाल्या. मी हायस्कूलला जाणाऱ्या मुलांचे दाखले लिहीत बसले होते. दुपारची वेळ, वर्ग रिकामे. दारात गिरणीवाले येऊन उभे राहिले. अंगावर धुतलेला सदरा. एकटेच होते.

"बाई," त्यांचा आवाज रिकाम्या वर्गात घुमला, "समदी पोरं हायस्कूलला जायलीत म्हनं. दुकानातल्या वानी अण्णानं खुणेनं सांगितलं मला. माझ्या पोरीला कामून न्हाई नेत? नापास झाली का वो?"

मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: 'ती पहिली आली आहे. मी विचारायला आले होते. तुम्ही नाही म्हणालात.'

ते सातवीपर्यंत याच शाळेत शिकलेले. ओठ हलवत त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"मी?" ते म्हणाले. "मी कवा न्हाई म्हणलो? तवा तर तिनं मला सांगितलं, बाई विचारायल्यात, अप्पाला गिरणी एकट्याला जमते का म्हणून. मी म्हणलं, न्हाई जमत."

ते पुढच्या लहानशा बाकावर बसले, गुडघे पार छातीशी आले. आधी हसले. "लबाड," म्हणाले. "केवढी लबाड!" आणि हसता हसता त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

मी काहीतरी लिहायला पुन्हा फळ्याकडे वळले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तिचं बी खोटं न्हाई, बाई. मला भ्या वाटतं. गिऱ्हाईक काय म्हणायलंय कळत न्हाई. दाणे संपले तर दळायचा दगडी पाट रिकामा फिरतो, त्याचा आवाज बदलतो. तिला घरातनं कळतं. मला शेजारी उभं राहून कळत न्हाई." मग म्हणाले, "पर मी तिच्या आईला काय सांगू? पोरगी माझ्यासाठी घरी ठेवली म्हणून?"

आत्तापर्यंत मी मुलांची तयारी करून घ्यायचे, आयांची करून घ्यायचे. या घरात तयारी बापाची करायची होती, आणि ती लेकीला दिसेल अशी. ती बघितल्याशिवाय मुलगी बसमध्ये पाय ठेवणार नव्हती.

सुट्टीत मी सातवी झालेल्या पोरांचा कन्नडचा वर्ग घ्यायचे. शाळेला कुलूप असे, म्हणून आमच्या विहाराच्या ओट्यावर, लिंबाखाली. आम्हा बौद्धांच्या घरची पोरं यायची, तशी बाकी गावातलीही यायची. त्या वर्षी मी वर्ग मुद्दामच सकाळी लवकर ठेवला, ऐन दळणाच्या वेळी. गिरणीवाले स्वतः लेकीला हाताला धरून घेऊन आले.

"बस हितं," ते म्हणाले. "आज मी एकटा करतो. गिरणी जळली तर जळू दे."

पहिल्या दिवशी तिनं एक अक्षर लिहिलं नाही. कान गिरणीकडे. मध्येच ताडकन उभी राहिली.

"बाई, पाट रिकामा फिरायलाय!"

मलाही तो आवाज ऐकू आला, कर्कश, दात शिवशिवायला लावणारा. मी तिचा हात धरला. "थांब जरा."

आवाज तसाच राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तो एकदम खाली उतरला, भरल्यासारखा झाला. कुणीतरी दाणे टाकले होते. पुढच्या दिवसांत तसा आवाज कमी कमी येत गेला. नंतर कळलं, गिरणीवाल्यांनी दाणे ओतायच्या वरच्या पेटीच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभं राहायची सवय लावून घेतली होती. दाणे कमी झाले की पत्र्याची थरथर बदलते, हे त्यांच्या हाताला कळायला लागलं होतं.

चुकाही झाल्या. एका घरी लग्नाच्या लाडवांचा हरभरा भाकरीच्या पिठासारखा बारीक झाला, आणि ती बाई गिरणीत जाऊन खूप बोलली. ते शांतपणे तिच्या तोंडाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "अक्का, पुन्हा एकदा म्हणा, हळू." ती बोलता बोलता हसायला लागली.

हे मुलीनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं वेगळंच काम काढलं. हापशावर बायका पाण्याला आल्या की ती तिथं जाऊन उभी राहायची. "मावशी, असं थापलं की जवारी. असं लाटलं की गहू. अंगठा बोटावर घासला की बारीक, मूठ उघडली की जाडं." बायकांना गंमत वाटली. पाणी भरता भरता त्या एकमेकींना परीक्षा घेतल्यासारखं विचारायच्या. मलाही शिकवलं तिनं. मी मिरचीची खूण चुकवली, तर गिरणीवाल्यांनी माझ्यासमोर ज्वारीचं माप ठेवलं आणि बापलेक दोघंही पोट धरून हसले. तिला मोठ्यानं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

कन्नडच्या वर्गात मी पोरांना सगळ्यात आधी एक वाक्य घोकून घ्यायचे. 'ननगे अर्थ आगलिल्ला सर, इन्नोम्मे हेळ्री.' म्हणजे, मला समजलं नाही सर, पुन्हा एकदा सांगा. ज्याला हे वाक्य भर वर्गात उभं राहून म्हणता येईल, तो टिकेल असा माझा अनुभव होता. बाकी पोरं आरडाओरडा करत म्हणायची. ती पुटपुटायची.

"मोठ्यानं म्हण," मी सांगायचे. "गिरणी चालू हाय असं समज."

त्यावर सगळे हसायचे आणि तीही थोडी मोठ्यानं म्हणायची.

शाळा सुरू व्हायच्या आधी एक दिवस मी सगळ्या पोरांना आणि ज्यांना यायचं त्या आईबापांना घेऊन हायस्कूल बघायला जायचे. त्या वर्षी गिरणीवालेही आले. खिडकीजवळ बसून ते रस्ता लक्षात ठेवत होते. हायस्कूलचे मोठे सर आमच्याशी चांगलं बोलले, कन्नडमध्ये, मध्येच मराठीत. मुलगी बापाला सगळं हातानं सांगत होती. मोठ्या सरांनी विचारलं, हे काय चाललंय. मी सांगितलं. ते क्षणभर तिच्या हातांकडे बघत राहिले, मग तिला म्हणाले, "नम्म शालेगे बा." आमच्या शाळेला ये. तिनं ते बापाला सांगितलं. यावेळी तिनं बरोबर तेच सांगितलं, कारण गिरणीवाल्यांनी दोन्ही हात जोडले आणि तिथल्या शांत खोलीत मोठ्यानं म्हणाले, "येते की! येते!"

बाहेर व्हरांड्यातली पोरं वळून बघायला लागली. मुलगी लाजली, पण तिनं बापाला गप्प केलं नाही.

पहिल्या दिवशी मी बसथांब्यावर गेले होते. नवे गणवेश, तेल लावलेले केस, आयांची धावपळ. ती आली तेव्हा केसांवर पीठ नव्हतं. गिरणीवाले गिरणी सोडून आले नव्हते, लाईट होती. "मीच म्हणलं येऊ नगं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक हाय." बस वळणावर दिसली, तशी ती माझ्याजवळ सरकली.

"बाई, संध्याकाळी बस लेट झाली तर अप्पाला कसं कळंल?"

"मी जाऊन सांगेन."

"तुमाला खूण येते का लेटची?"

मला येत नव्हती. तिनं ती घाईघाईत शिकवली आणि बसमध्ये चढली. खिडकीतून पुन्हा एकदा करून दाखवली. पहिल्या आठवड्यात ती खूण मला बऱ्याचदा करावी लागली. मी केली की गिरणीवाले मान डोलवायचे आणि जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहायचे.

सुरुवातीचे महिने तिला जड गेले. पहिल्या चाचणीत विज्ञानात ती जेमतेम पास झाली. एका रविवारी पुस्तक घेऊन माझ्या घरी आली आणि उंबऱ्यातच रडली. आम्ही दोघींनी बसून एकेक शब्द मराठीत उतरवला. निम्म्याहून जास्त तिला आधीच येत होतं, फक्त त्याचं नाव तिथं वेगळं होतं. ते लक्षात आल्यावर तिनं डोळे पुसले आणि चहा मागितला. दिवाळीनंतर ती माझ्याकडे यायची थांबली. गरज उरली नव्हती. तिच्याबरोबर गेलेल्या मुलींतली एकही त्या वर्षी घरी बसली नाही, हे मला जास्त बरं वाटलं.

पुढे माझी बदली कमठाण्याकडे झाली. ती दहावी चांगल्या मार्कांनी पास झाल्याचं मला फोनवर तिनंच सांगितलं, आणि बीदरला हॉस्टेलला राहून सायन्सला जाते म्हणाली. मी विचारलं, "अप्पांचं काय?" ती म्हणाली, "अप्पानंच बॅग भरून ठेवलीय, बाई."

मागच्या हिवाळ्यात भालकीच्या बसस्टँडवर गिरणीवाले भेटले. गिरणीचा पट्टा आणायला आले होते. केस आता पिठाशिवायही पांढरे. मी मुलीची चौकशी केली, हळूहळू, ओठ दिसतील अशी. त्यांना कळलं. बरी आहे, फोनमध्ये रोज दिसते म्हणाले. हॉस्टेलचं जेवण आवडत नाही तिला, लोणचं नेऊन दिलं परवा.

मग म्हणाले, नेहमीसारखंच मोठ्यानं, भर बसस्टँडवर, "मला तर काई ऐकू येत न्हाई, बाई. तरी बी घर लय गप्प वाटतं."

शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळानं माझी बस लागली. त्यांनी खिडकीतून पिशवी टाकून माझ्यासाठी जागा धरली, आणि गर्दीतून वाट काढत आपल्या बसकडे गेले.